बाण जागेवर

डबल फाउल झाला की माणसाची अक्कल उघडी पडते, असं निरंजन दिघेचं ठाम मत होतं. बास्केटबॉलचा पंच म्हणून चौदा वर्षं तो पिंपरी-चिंचवडमधली मैदानं तुडवत होता. एकाच वेळी एकमेकांना हाणणाऱ्या दोन खेळाडूंचं काय करायचं, हे धड सांगू शकेल असा माणूस या चौदा वर्षांत त्याला भेटला नव्हता. भोसरीतल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दोघांना एकमेकांची माफी मागायला लावली होती आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या होत्या. निगडीत एका पुढाऱ्याने खिशातून नाणं काढलं होतं. तळेगावच्या आयोजकांनी दोन्ही संघांना एकेक फ्री थ्रो देऊन टाकला आणि वर निरंजनलाच विचारलं, झालं ना समसमान? जणू बांधाची जागा वाटायला बसले होते.

नियम सरळ होता, आणि सरळ असल्यामुळेच कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. दोघांच्या नावावर एकेक फाउल चढवायचा. फ्री थ्रो कुणालाच नाही. मग बघायचं, शिट्टी वाजली तेव्हा चेंडू कुणाच्या ताब्यात होता. ज्यांच्या ताब्यात होता त्यांनाच तो परत, फाउल झाला तिथल्या जवळच्या रेषेबाहेरून. त्याच वेळी बास्केट झाली असेल तर ज्यांच्यावर झाली त्यांना, त्यांच्या टोकाच्या रेषेमागून. आणि चेंडू कुणाच्याच ताब्यात नसेल तर गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर पाळी दाखवायला ठेवलेला बाण बघायचा. बाण ज्या दिशेला, त्या दिशेच्या बास्केटवर खेळणाऱ्यांचा चेंडू. तो मैदानात आला की टेबलावरच्या माणसाने बाण उलटा फिरवायचा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्यांची पाळी. एवढ्यासाठी नाणं कशाला लागतं आणि माफी कशाला, हे निरंजनला कधी कळलं नाही.

पोटापाण्यासाठी तो भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या गेज रूममध्ये होता. माल तपासायची मापं जिथे सांभाळून ठेवतात ती खोली. प्रत्येक गेजसाठी फोममध्ये त्याच्या आकाराची खाच कापलेली असायची, आणि गेज खाचेत नसेल तर ते हरवलं असं धरून चालायचे. अठरा वर्षांत त्याच्या हाताला अशी सवय लागली होती की डोक्याला न विचारता हात वस्तू सरळ करायचा. घरी बायको, स्वरूपा, लाटणं ओट्यावर तिरकं ठेवायची आणि हा तिच्याशी बोलता बोलता ते सरळ करून जायचा. पाच मिनिटांनी विचारलं तर त्याला आठवायचंही नाही. माणसांनाही तो गेज लावायचा. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, नाहीतर माल रिजेक्ट. त्याच्या गेजला बहुतेक माणसं रिजेक्टच निघायची.

हाच तोरा त्याच्या आड आला होता. पंचांच्या वरच्या पॅनलवर जायचं तर संघटनेच्या निरीक्षकाची शिफारस लागायची. दोनदा निरीक्षकांनी त्याला नियमांच्या ज्ञानाचे पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि खाली शेरा मारला होता, 'टेबलाशी व खेळाडूंशी वागणूक तुसडी.' शिफारस नाही. आता मार्चमध्ये त्याला चाळीस पूर्ण होत होती आणि चाळिशीनंतर संघटना कागदच घ्यायची नाही. म्हणजे ही तिसरी वेळ शेवटची. हुकली तर उरलेला जन्म कंपन्यांच्या पार्किंगमध्ये शिट्ट्या फुंकण्यात जाणार होता, आणि या विचाराने त्याला रात्ररात्र डोळा लागत नव्हता.

आणि ही तिसरी वेळ आली ती चाकणच्या एका कंपनीच्या पार्किंगमध्येच. कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवायची. वर्धापनदिनाची अंतिम लढत गुरुवारी सकाळी अकराला ठेवली होती, कारण गुरुवार म्हणजे इकडच्या कारखान्यांचा रविवार. निरंजन दहालाच पोचला. कँटीनच्या मागे गाड्यांचे पट्टे पुसून मैदान आखलेलं, रिंगा कंपनीच्याच फॅब्रिकेशनमध्ये वेल्ड केलेल्या. एक रिंग बोटभर वाकडी होती. त्याने ती दाखवली तर एचआरची बाई म्हणाली, दोन्ही टीमना सेमच आहे ना सर. निरंजनने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मनातल्या मनात तिला रिजेक्टच्या पेटीत टाकलं.

फाइव्ह एस नावाच्या खुळाने कंपनीला पुरतं झपाटलं होतं. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला पिवळी पट्टी. कचऱ्याच्या डब्याभोवती पिवळी पट्टी, चपलांभोवती पिवळी पट्टी, तुळशीच्या कुंडीभोवतीसुद्धा. स्कोअरच्या टेबलावरही कुणीतरी सकाळी बसून हे उद्योग केले होते. घंटीला गोल, पेनांना चौकोन, आणि लाल ॲक्रिलिकच्या बाणाभोवती नेमका बाणाच्या आकाराचा पिवळा घेर, टोक डावीकडे. बाण हा फिरवायची वस्तू असतो, त्याला घर कसलं बांधता, असं निरंजनच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने ते गिळलं. मूर्खांना शहाणं करायचं कंत्राट त्याने घेतलं नव्हतं.

टेबलावर बसवली होती ती कँटीनच्या कुपन काउंटरवरची बाई. साधनाताई, पंचेचाळिशीच्या, नाकावर चष्मा, पदर खोचलेला. त्यांनी उठून नमस्कार केला आणि सांगू लागल्या की त्या देहूरोडच्या, वडील तिथल्या डेपोत होते, क्वार्टर्सच्या मागे लष्कराचं कोर्ट होतं आणि तिथल्या संघातून त्या स्वतः... निरंजनने हाताने थांबवलं. देहूरोडला ही बाई लंगडी खेळली असेल नाहीतर फुगडी, त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"ताई, मी सांगेन तेवढंच करायचं," तो म्हणाला. "मॅच चालू असताना टेबलाने बोलायचं नसतं."

साधनाताईंनी मान डोलावली आणि खाली बसल्या. कँटीनच्या जुन्या कुपनांचा एक गठ्ठा त्यांनी कोरी पाठ वर करून समोर ठेवला होता. तो पिवळ्या पट्टीत कुठेच बसत नव्हता, हे निरंजनच्या लगेच लक्षात आलं.

निरीक्षक म्हणून ज्योतीराम सर आले होते. सत्तरीचे, टोपी डोळ्यांवर ओढलेली, गालात सुपारी, मांडीवर वही. हा माणूस झोपतो की बघतो हे कळायची सोय नव्हती, आणि असल्या माणसाच्या सहीवर आपली चौदा वर्षं टांगलेली आहेत याचा निरंजनला मनस्वी संताप यायचा. तरी त्याने जाऊन पाया पडल्यासारखं केलं. मांडवात पुढे सोफ्यावर प्रमुख पाहुणे होते, आबाजी. ज्या जमिनीवर कंपनी उभी होती ती पूर्वी आबाजींची कांद्याची वावरं होती. आता त्यांच्याच बसगाड्या कंपनीला माणसं पुरवायच्या, आणि त्यांचा मुलगा रणजीत जमिनीच्या बदल्यात प्लॅनिंग खात्यात कायम नोकरीला लागला होता. आबाजींची पांढरी टोपी, बोटात चार अंगठ्या, पुढ्यात काजू. निरंजनला हसू आलं. बास्केटबॉल म्हणजे टोपलीत चेंडू टाकायचा यापलीकडे या माणसाला ओ की ठो कळत नसणार.

अंतिम लढत प्लॅनिंग आणि डिस्पॅचमध्ये होती. प्लॅनिंगचा कप्तान हाच रणजीत, पायात दहा हजारांचे बूट. डिस्पॅचचा कप्तान किसन, नांदेडकडचा, ट्रकमध्ये खोकी भरणारा कंत्राटी कामगार. त्याच्या संघात सगळेच कंत्राटी, आणि कंत्राटी पोरं अंतिम फेरीत पोचायची ही पहिलीच खेप. गेटजवळच्या फळ्यावर खडूने सूचना होती, 'गुरुवार, दुसरी पाळी, दु. ३.३०, डिस्पॅच कंत्राटी कामगार हजर राहणे.' सुट्टी होती ती बाकीच्यांना. निरंजनने ती सूचना वाचली आणि 'हजर राहणे' या व्याकरणावर नाक मुरडलं, बाकी मजकुराकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

खेळ यथातथाच होता. प्लॅनिंगवाले चेंडू लॅपटॉपसारखा जपून धरायचे आणि डिस्पॅचवाले खोक्यासारखा फेकायचे. निरंजनने त्यांना शिट्ट्यांखाली नुसतं भरडून काढलं. दुसरा पंच प्रज्वल नवा होता. तो शिट्टी तोंडात धरून त्याच्याकडे बघत राहायचा, मग निरंजनच निर्णय देऊन टाकायचा. शेवटच्या सत्रात प्लॅनिंग डाव्या बास्केटवर खेळत होतं आणि डिस्पॅच उजव्या. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद उरले असताना दोघा पोरांनी चेंडू असा घट्ट धरला की कुणी सोडेना. बाण डावीकडे होता, चेंडू प्लॅनिंगला मिळाला. तो आत आल्याबरोबर साधनाताईंनी बाण उचलून उजवीकडे टोक करून ठेवला आणि कुपनाच्या पाठीवर काहीतरी खरडलं. निरंजन तेव्हा रणजीतला, टी-शर्ट खोच, असं तिसऱ्यांदा सांगत होता.

पाऊण मिनिट उरलं असताना डिस्पॅचने टाइम-आउट घेतला. ऊन डोक्यावर आलं होतं. साधनाताई स्टॉपवॉचवर नजर खिळवून बसल्या होत्या. निरंजन टेबलापाशी आला, बाटलीतलं पाणी प्यायला, आणि या असल्या फडतूस सामन्याचं शेवटचं पाऊण मिनिट ज्योतीराम सरांना जागं ठेवेल का, याचा विचार करत उभा राहिला. टेबलावर नेहमीचा पसारा झाला होता. पेन चौकोनाबाहेर, घंटी गोलाच्या कडेला. त्याने पाणी पिता पिता सगळं जागच्या जागी केलं आणि शिट्टी वाजवून खेळ सुरू केला.

मग ती वेळ आली. घड्याळात नऊ सेकंद होते, डिस्पॅच बावन्न, प्लॅनिंग एक्कावन्न. प्लॅनिंगच्या एका पोराने कोपऱ्यातून शॉट मारला. चेंडू हवेत असतानाच रिंगखाली रणजीतने किसनच्या बरगडीत कोपर घातलं आणि त्याच क्षणी किसनने रणजीतचा टी-शर्ट मुठीत धरून त्याला मागे ओढलं. निरंजनने दोन्ही पाहिलं. शिट्टी वाजली, चेंडू त्या वाकड्या रिंगवर आपटून बाहेर पडला. निरंजनने दोन्ही मुठी वळून डोक्यावर हलवल्या. डबल फाउल.

झालं, सगळ्यांची अक्कल एकदम उघडी पडली. आबाजी सोफ्यावरून म्हणाले, दोघांनी बी केलंय तर चेंडू मधी उडवा की. एचआरची बाई नाणं घेऊन मैदानात आलीसुद्धा. प्रज्वलने हळूच विचारलं, शॉट परत मारायला द्यायचा का सर. निरंजनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात त्याला एवढं सुख क्वचितच मिळालं होतं. भोवती तीनशे माणसं, तीनशेच्या तीनशे चूक, आणि मधोमध तो. ज्योतीराम सरांनी टोपी वर केली होती. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने निरंजनने सांगितलं की शॉट हातातून सुटला की चेंडू कुणाचाच नसतो, बास्केट झालेली नाही, ताबा कुणाचा नाही, म्हणून फ्री थ्रो नाही, उडी नाही, नाणं तर नाहीच नाही. बाण.

टेबलावर साधनाताई उभ्या राहिल्या होत्या. "सर, बाण..."

"ताई, काय सांगितलं होतं मी?" निरंजन त्यांच्याकडे न बघता म्हणाला. त्या अर्धवट उभ्याच राहिल्या.

किसन बरगडी दाबत पुढे आला. "सर, मघाशी त्यांना दिलता ना? आता पाळी आमची हाय."

खेळाडू म्हटला की त्याला पाळी नेहमी आपलीच वाटते, हे निरंजनने चौदा वर्षांत हजारदा पाहिलं होतं. मघाशी कुणाला दिला होता हे त्याने क्षणभर आठवायचा प्रयत्न केला असता तर आठवलंही असतं. पण आठवायचं कशाला? त्यासाठीच तर बाण असतो. माणसं खोटं बोलतात, माप बोलत नाही. त्याने हात लांब करून टेबलाकडे दाखवलं. लाल बाण आपल्या पिवळ्या घेरात नेटका बसला होता, टोक डावीकडे.

"बाण बघ," तो म्हणाला. "आणि पुन्हा पंचाला शिकवायला येऊ नकोस."

चेंडू प्लॅनिंगला गेला. रणजीतने टोकाच्या रेषेबाहेरून आत दिला, परत घेतला, आणि दोन सेकंद उरले असताना सोपी बास्केट टाकली. त्रेपन्न-बावन्न. घंटी वाजली, मांडवातून गुलाल उधळला गेला, डीजे सुरू झाला. डिस्पॅचची पोरं मैदानात जिथे होती तिथेच काही वेळ उभी राहिली आणि मग एकेक करून पाण्याच्या टाकीकडे गेली.

ज्योतीराम सर स्वतः उठून निरंजनपाशी आले. त्यांनी वहीतला कागद दाखवला. 'डबल फाउलनंतर खेळ पूर्ववत सुरू करण्याची पद्धत आदर्श. दबावाखाली निर्णय अचूक. शिफारस करीत आहे.' खाली सही. तुसडेपणाबद्दल या वेळी एक अक्षर नव्हतं. बक्षीस समारंभ उरकला की घेऊन जा, म्हणाले. म्हातारा झोपत नव्हता तर, निरंजनला वाटलं, आणि आजवर त्याच्याबद्दल जे जे मनात आणलं त्यातलं निम्मं त्याने माफ करून टाकलं.

समारंभात आबाजींच्या हस्ते पंचांचा सत्कार झाला. आबाजींनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी जवळ ओढून त्याच्या कानाशी तोंड नेलं. काजू आणि तंबाखूचा वास आला.

"साहेब, आमी वळखलं न्हाई तुमास्नी," ते म्हणाले. "लै हुशार मानूस."

नियम होता, तो मी लावला, असं निरंजन कोरडेपणाने म्हणाला.

"नियम ऱ्हाऊ द्या वो. पानी पिता पिता काय झ्याक फिरवला बान! कुनाला कळलं बी न्हाई. म्या बघत व्हतो." त्यांनी निरंजनचा खांदा दाबला. "आमच्या रणजीतसाठी केलंत. चाकणात काय बी काम पडू द्या, आबाजीचं नाव सांगायचं."

कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला. निरंजनच्या मनात पहिला विचार आला तो नेहमीचाच. या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार, आणि ज्याला सगळं जग विकाऊ वाटतं त्याला पंचही विकाऊ दिसणार. तो स्टेजवरून खाली उतरला. दोन पायऱ्या उतरला आणि तिसरीवर थांबला. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटाला काहीतरी आठवत होतं. ॲक्रिलिकची गुळगुळीत कड. बाटली डाव्या हातात होती. पेन चौकोनात, घंटी गोलात, आणि एक लाल वस्तू आपल्या घेराबाहेर, उलट्या बाजूला टोक करून पडलेली. फोमच्या खाचेत गेज उलटं ठेवलेलं असावं तशी. त्याने ती सरळ केली होती. अठरा वर्षं जे करत आला तेच केलं होतं, आणि तेही कळण्याच्या आधी विसरला होता.

टेबलाशी साधनाताई स्कोअरशीटच्या घड्या घालत होत्या. बाण अजून तिथेच होता, जागेवर. त्यांनी कुपनांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. वरच्या कुपनाच्या पाठीवर बारीक, स्वच्छ अक्षरात पूर्ण सामन्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. शेवटची नोंद होती, '३.४८ बाकी. चेंडू प्लॅनिंग. बाण फिरवला. पुढची पाळी डिस्पॅच.'

"मला सांगितलं का नाही?" निरंजनने विचारलं. आवाज त्याला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

"सांगत होते, सर." साधनाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "टेबलाने बोलायचं नसतं म्हणालात."

मग त्या शांतपणे म्हणाल्या की वीस वर्षांपूर्वी देहूरोडच्या कोर्टवर त्यांना हाच नियम एका सुभेदाराने शिकवला होता, आणि त्याचं पहिलं वाक्य असं होतं की बाणाला टेबलावरच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, पंचाने तर नाहीच. हे त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कुपन काउंटरवर कुणी चुकीचं कुपन पुढे केल्यावर सांगतात तशाच बोलल्या. भोसरी ते चाकण या पट्ट्यात नियम धड माहीत असलेला दुसरा माणूस त्याला चौदा वर्षांनी भेटला होता, आणि त्याने त्याला गप्प बसवलं होतं.

निरंजन ज्योतीराम सरांकडे गेला. ते मांडवाच्या सावलीत जिलेबी खात होते. त्याने सगळं सांगितलं, हात कसा गेला ते, आबाजी काय म्हणाले ते, कुपन दाखवलं. ज्योतीराम सरांनी बोटं चाटली आणि कुणीकुणी पाहिलं, असं विचारलं. आबाजींनी. मग ते तर खूश आहेत, सर म्हणाले. शिवाय चेंडू आत येऊन खेळाडूच्या हाताला लागला की ही चूक दुरुस्त होत नाही, हे तुला माहीत आहे. निकाल बदलत नाही. मग हा उकिरडा कशाला उकरतोस? मार्चमध्ये चाळीस पूर्ण होतायत ना तुला? असं म्हणून त्यांनी शिफारशीचा कागद घडी करून त्याच्या हातात ठेवला.

निरंजनने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि मघाशी माफ केलेलं सगळं परत घेतलं. पण या वेळी तुच्छतेची ती जुनी ऊब काही आली नाही. आबाजी, हा म्हातारा आणि आपण, तिघे एकाच पेटीतले, आणि त्यातही ते दोघे निदान स्वतःला ओळखून होते. त्याने पेन मागून घेतलं. सहीखाली जागा होती तिथे लिहिलं, 'बाण चुकीच्या दिशेला होता. तो पंचाने स्वतः फिरवला. टेबलाने सांगितलेलं पंचाने ऐकलं नाही.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि कागद ज्योतीराम सरांच्या जिलेबीच्या ताटलीशेजारी ठेवला. कागद पाकाला लागू नये म्हणून सरांनी तो किंचित बाजूला केला.

किसन गेटजवळ भेटला. जेवणं, भाषणं उरकेपर्यंत तीन वाजून गेले होते. त्याने खेळाचा टी-शर्ट काढून कंपनीचा निळा शर्ट चढवला होता आणि सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत होता. मागे त्याचे सोबती हजेरीच्या पंचिंगला रांगेत उभे होते. निरंजन त्याच्यासमोर थांबला. माफी मागायचा त्याला सराव नव्हता, त्यामुळे तो नियमच सांगू लागला. चूक माझी होती, म्हणाला. पाळी तुमचीच होती, बाण मी फिरवला, मुद्दाम नाही, सवयीने. आता निकाल बदलता येत नाही. पण नियमात एक सोय आहे. चुकून ज्यांची पाळी हुकली त्यांची ती बुडत नाही, पुढची पाळी त्यांचीच धरतात. हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की सामना संपला आहे आणि पुढची पाळी असं काही उरलेलंच नाही. तरी तो वाक्य पूर्ण करून थांबला.

किसनने दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. मग तो उभा राहिला आणि त्याची नजर निरंजनच्या खांद्यावर गेली. आबाजींची शाल अजून तिथेच होती, निरंजन ती काढायला विसरला होता. किसनने शालीकडे पाहिलं, सावकाश, काठापासून काठापर्यंत, आणि मग निरंजनच्या तोंडाकडे. तशा नजरेने माणसांकडे बघायचं काम आजवर निरंजन करत आला होता.

"व्हय सर," तो म्हणाला. "आमची पुढची पाळी साडेतीनची हाय."

आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.